रहांगडाले सरांचा शुद्ध करंट

सौंदडच्या शाळेत भुवनेश्वर रहांगडाले विज्ञान शिकवत आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून होती. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं मी विचारलेलं नाही, ते मला ऐकावं लागलं.

माणूस वाईट नव्हता. शाळेत वेळेवर येणार, तास बुडवणार नाही, पोरांवर हात टाकणार नाही. घरची धानाची शेती होती, ती ठेक्यानं दिलेली. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला पक्कं घर होतं. व्यसन म्हणाल तर एकच, शुद्धतेचं. तूप घरच्या म्हशीचंच पाहिजे. गावात पाण्याचं फिल्टर पहिल्यांदा त्यांच्याकडे आलं आणि ते पाहायला त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. आमच्याकडे झाडून सगळे 'पानी' म्हणतात. सर वर्गात पोरांकडून 'पाणी' घोकून घेत आणि घरी गेले की बायकोला म्हणत, "पानी आन."

वस्तू घ्यायची त्यांची एक पद्धत होती. आधी त्या वस्तूचा अभ्यास करायचा, मग बाकीच्या सगळ्यांना त्या वस्तूच्या बाबतीत अडाणी ठरवायचं, आणि एवढं होऊनही हौस उरलीच तर ती वस्तू घ्यायची. घरातला कुकर याच पद्धतीनं घ्यायचं चाललं होतं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, मुन्नीबाईंनी, एक दिवस गोंदियाची गाडी पकडली आणि कुकर घेऊन आल्या. त्या कुकरातला भात सर पुढे कितीतरी दिवस नाक मुरडत, पण पोटभर खात होते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे २०११ साली सरांनी डॅक घ्यायचं ठरवलं.

त्यांच्याकडे स्टिरिओ जुना होता. नोकरी पक्की झाल्यावर गोंदियाहून आणलेला ॲम्प्लिफायर आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर. आधी त्यावर कॅसेट वाजल्या, मग सीड्या. पुढे त्यांची मुलगी रिंकी शिकायला नागपूरच्या होस्टेलला गेली आणि तिचा कॉम्प्युटर बैठकीत आला. सरांनी गाणी कॉम्प्युटरात भरली आणि मागच्या भोकातून एक वायर ॲम्प्लिफायरला जोडली. आवाज आला. पण माऊस हलवला की स्पीकरात उंदीर कुरतडतो आहे असं वाटे.

दुसऱ्या कोणी माऊस हलवणं बंद केलं असतं. सर इंटरनेटवर गेले. तिथे स्टिरिओच्या शौकिनांचा एक चौक होता. पुण्याचे, बंगळुरूचे, नागपूरचे लोक तिथे दिवसरात्र एकमेकांचे कान काढत बसलेले असत. त्यांनी सरांना सांगितलं की दोष कॉम्प्युटरच्या पोटातल्या आवाजाच्या चिपमध्ये आहे, बाहेरून एक वेगळी डबी लावा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी फळ्यावर आकृती काढून आम्हाला ते समजावलं.

"गाणं कॉम्प्युटरात आकड्यांच्या रूपात असतं," ते म्हणाले. "कानाला आकडे ऐकू येत नाहीत. आकड्यांची लाट करावी लागते. कॉम्प्युटर ते काम करतो, पण गर्दीत बसून करतो. तेच काम बाहेरची डबी शांतपणे करते. तिला डॅक म्हणतात."

"मंग आतापर्यंत आपण का ऐकून राह्यलो होतो?" खेळाच्या सरांनी विचारलं.

"कचरा," रहांगडाले सर म्हणाले.

गावात बातमी अशी गेली की रहांगडाले सर डाक घेऊन राहिले. शाळेच्या शिपायाला वाटलं, सरांनी पोस्टाची एजन्सी घेतली. गोंदियाच्या बाजारात सरांनी चार दुकानं पालथी घातली, तिथेही तेच. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर होतो. दुकानदार म्हणाला, "डेक? डेक तो अब कोई लेता नहीं, सर. पेन ड्राइव्हवाला ले जाओ, लाइट भी जलती है." सर बाहेर येऊन मला म्हणाले, "हा जिल्हा असाच राहणार." आणि आम्ही जिल्ह्याच्या नावानं चहा प्यालो.

मग निवड सुरू झाली. सरांची अट होती की डबी परवडणारी पाहिजे. परवडणारी म्हणजे केवढ्याची, हे मात्र ते ज्या दिवशी ज्या डबीबद्दल वाचत त्यावर ठरे.

पहिली पसंत काडेपेटीएवढी होती. तिला वेगळी वीज लागत नसे, कॉम्प्युटरच्याच वायरीतून ती पोट भरे. स्वस्तही होती. पंधरवडाभर सरांनी तिचं कौतुक केलं, आणि मग एका सोमवारी जाहीर केलं की कॉम्प्युटरमधून येणारा करंट घाणेरडा असतो, तो खाऊन वाढलेली डबी चांगली निघूच शकत नाही. दुसरी डबी नागपूरचा एक हौशी माणूस घरी डाग देऊन तयार करत असे आणि लाकडी खोक्यात घालून विकत असे. सरांनी त्याला फोन लावला. त्यानं साधा प्रश्न विचारला, "तुम्ही ऐकता काय?" सरांना तो उद्धटपणा वाटला आणि लाकडी डबी बाद झाली.

प्रश्न अडचणीचा होता हे खरं. सर गाणी ऐकत नसत, आवाज ऐकत. त्यांच्याकडे सनईची एक सीडी होती, तिची सुरुवात ते ऐकत. सनई जरा रंगात आली की बंद करून पुन्हा सुरुवात. त्या बिचाऱ्या वादकानं पुढे काय वाजवलं असेल याचा मला कितीतरी दिवस पत्ता नव्हता.

तिसरी डबी चीनमध्ये बनलेली, मिठाईच्या छोट्या डब्याएवढी. तिला स्वतःचा चार्जर होता, मागे दोन-तीन भोकं होती आणि पुढे निळा दिवा. तिच्याबद्दल त्या चौकात दोन तट होते. एक तट म्हणे आवाज गरम आहे. दुसरा म्हणे कोरडा आहे. उन्हाळ्याची सुट्टी संपली, धानाची रोवणी लागली, रोवणी आटोपली, आणि सर अजून गरम की कोरडा यातच होते. घरीही तेच बोलत.

"गरम आवाज पायजे होय?" मुन्नीबाई एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मंग मी हाव ना."

शेवटी निकाल नागपूरच्या केशोरावांनी दिला. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ त्या चौकातले जाणते होते. त्यांनी लिहिलं की एवढ्या किमतीत तिसऱ्या डबीच्या वर काही नाही. सरांनी तिसरी डबी मागवली. मागवल्यावर मला सांगितलं की त्यांचं मन पहिल्यापासून तिच्यावरच होतं.

कुरिअर सौंदडपर्यंत येत नसे. सर रजा टाकून गोंदियाला गेले आणि डबी मांडीवर घेऊन रेल्वेनं परत आले. पिशवीत ठेवली तर हादरे बसतील म्हणाले.

संध्याकाळी आम्हाला ऐकायला बोलावलं. खोटं कशाला सांगू, आवाज सुधारला होता. उंदीर गेला होता. सनई जवळ बसून कोणी वाजवावी तशी वाजली, आणि मला वाटलं आता सर पुढचा भाग ऐकू देतील. सरांनी बंद करून पुन्हा पहिल्यापासून लावली. मुन्नीबाईंनी भजी केली होती, ती गरम होती आणि त्याबद्दल कोणताही वाद नव्हता.

इथेच थांबायला हरकत नव्हती. पण एवढे मोठे स्पीकर आहेत तर टीव्हीचा आवाजही त्यातूनच यावा, असं सरांच्या मनात आलं आणि त्यांनी टीव्हीची एक वायर ॲम्प्लिफायरला जोडली. त्यानंतर सनईच्या मागे 'घूं' असा बारीक आवाज येऊ लागला. सनई थांबली तरी घूं चालूच.

सरांनी डबी तपासली, वायरी बदलल्या, स्पीकर भिंतीपासून सरकवले. टीव्ही त्यांच्या विचारात आला नाही. टीव्ही ही मुन्नीबाईंची वस्तू होती, आणि मुन्नीबाईंच्या वस्तूंचा विज्ञानाशी संबंध नव्हता. त्यांनी केशोरावांना कळवलं. केशोरावांनी उत्तर दिलं की बहुधा तुमच्या लायनीत गडबड आहे, वीज स्वच्छ नसेल.

हे वाक्य सरांना असं काही भावलं की ते एका रविवारी घरातून निघाले आणि मान वर करून विजेच्या तारेखालून चालत गेले. आमच्या गावात विहाराजवळ एक डीपी आहे, म्हणजे खांबावर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. तिथून तार निघते, बौद्ध मोहल्ल्यातल्या घरांना वीज देत येते आणि सरांच्या घराशी संपते. मोहल्ल्यातलं शेवटचं घर लीलाबाई मेश्रामांचं. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांच्या आणि सरांच्या अंगणात एकच भिंत, छातीइतकी उंच. रिंकीचा जन्म लीलाबाईंच्याच हातावर झालेला.

सोमवारी सर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "मला दोष सापडला. करंट आपल्यापर्यंत येईपर्यंत खराब होतो. वाटेत किती घरं आहेत बघा. कोणाचा मिक्सर, कोणाचा फ्रीज. खुशालची पिठाची गिरणी तर सुरुवातीलाच आहे. सगळ्यांनी वापरून उरलेला करंट मला मिळतो."

त्या आठवड्यात ते दहावीला विजेचा धडा शिकवत होते. घरातली उपकरणं वेगवेगळ्या वाटांवर जोडलेली असतात आणि एकाचं उरलेलं दुसऱ्याला मिळत नाही, हे त्यांनी पोरांना चांगलं समजावलं होतं. भिंतीपलीकडून ते मलाही समजलं होतं.

"मग उपाय काय?" मी विचारलं.

"रोडवरच्या डीपीवरून स्वतंत्र लाईन."

"पण सर, त्या डीपीवर तुलसीरामची राईस मिल आहे. केवढाल्या मोटरी आहेत तिथे. गिरणीनं करंट खराब होतो तर मिलनं जास्त नाही का होणार?"

तुलसीराम सरांचा चुलतभाऊ. सरांनी क्षणभर विचार केला. "त्याच्या मोटरी चांगल्या कंपनीच्या आहेत," ते म्हणाले, आणि तासाची घंटा झाली.

खर्च करायची तयारी असली की खांब उभा राहतो. सगळे अर्ज झाले, आणि दिवाळीच्या सुट्टीत बिसराम वायरमन खड्डा खणायची सब्बल घेऊन आला. नवीन खांबाची जागा नेमकी लीलाबाईंच्या फाटकासमोर आली. मी सरांकडे फराळाला गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं. लीलाबाई खणण्याचा आवाज ऐकून बाहेर आल्या.

"का होऊन राह्यलं जी सर?"

"नवीन लाईन घेतो आहे, बाई. रोडवरून."

"काऊन? हे लाईन का झाली?"

"करंट शुद्ध नाही."

"आमच्या इथं तं फ्रीज चालते, पंखा चालते."

"पंख्याला चालतं, बाई. माझं यंत्र नाजूक आहे. ही तार इकडून घराघरातून येते ना, तर करंट वाटेत खराब होतो."

लीलाबाईंनी वर तारेकडे पाहिलं. तार जशी होती तशीच होती, तिच्यावर दोन साळुंक्या बसल्या होत्या.

"मंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "आमच्या घरावरून आलेला करंट तुमच्या डबीले चालत नाई."

"तसं नाही हो. गैरसमज नका करू. हा विज्ञानाचा विषय आहे."

"असन जी. आमच्या बापाले गावाच्या विहिरीवर पानी भरू देत नोहते ना, तवा बी लोक असंच समजावून सांगत. रागानं नाई सांगत. 'तुमच्यावर राग नाई गा, पान्याचा विषय हाय,' असं म्हनत."

बिसरामची सब्बल थांबली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि शाळेची वेळ झाली म्हणून घरात निघून गेले. शाळेला आणखी आठवडाभर सुट्टी होती.

"खन ना गा बापा, काऊन थांबला?" लीलाबाई बिसरामला म्हणाल्या. "तुयी रोजी बुडन." आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.

ज्या दिवशी नवीन लाईन जोडली त्याच दिवशी घूं बंद झालं. सरांनी मला, खेळाच्या सरांना आणि तुलसीरामला बोलावलं. सनई लागली. सुरुवातीच्या सुरानंतर त्यांनी ती थांबवली आणि बोट वर केलं. "आता ऐका," ते म्हणाले. आम्ही ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं. "हे शुद्ध," सर म्हणाले. तुलसीरामनं डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाला, "फरक हाय." त्यानं आधीचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता.

घूं का थांबलं, ते मला मुन्नीबाईंकडून कळलं, तेही बऱ्याच दिवसांनी. लाईन जोडायची म्हणून सकाळपासून घरात माणसांचा राबता, आणि संध्याकाळी सरांचे श्रोते बैठकीत बसणार म्हणजे मालिका बुडणार. त्यांनी रागारागात टीव्हीच्या सगळ्या वायरी उपटल्या आणि टीव्ही आतल्या खोलीत नेला. ॲम्प्लिफायर चालूच होता. टीव्हीची वायर निघाल्याबरोबर घूं बंद झालं, हे त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकलं.

"मग सरांना सांगितलं नाही?" मी विचारलं.

"खांब गाडून झाला होता जी. आता सांगून कोनाचं भलं होनार होतं?"

सरांनी चौकात लांबलचक लिहिलं, की स्वतंत्र लाईन घेतल्याशिवाय डॅकचं खरं रूप कळत नाही. तिथल्या लोकांनी वाहवा केली. एका पुणेकरानं तर आपल्या सोसायटीकडे तशी मागणीही केली म्हणे.

पण रोडवरच्या डीपीची एक गोष्ट सरांच्या अभ्यासातून निसटली होती. त्या वर्षी लोडशेडिंग होतं आणि त्याच्या वेळा लायनीप्रमाणे वेगळ्या होत्या. विहाराकडची लाईन सकाळी जायची, जेव्हा सर शाळेत असत. रोडवरची जायची दिवेलागणीला, आणि यायची जेवणं आटोपल्यावर. म्हणजे सर घरी आले, हातपाय धुऊन डबीसमोर बसले, की वीज गेलीच. मोहल्ल्यात दिवे लागलेले, खुशालची गिरणी चाललेली, आणि सरांच्या घरी कंदील. मुन्नीबाई रोज संध्याकाळी लीलाबाईंकडे मालिका पाहायला जाऊ लागल्या. जाताना निवडायची भाजी सोबत नेत. सर पडवीत बसून भिंतीपलीकडून येणारा मालिकेचा आवाज ऐकत. मला एकदा म्हणाले, "त्यांच्या टीव्हीचा आवाज फार कोरडा आहे."

थंडीत केशोराव आले. गोंदियाला कोणाकडे लग्नाला आले होते. म्हणाले, आलोच आहे तर तुमची लाईन ऐकून जातो. सरांनी त्यांना दुपारीच यायला सांगितलं होतं, मलाही बोलावलं होतं, पण गोंदियाहून येणारी गाडी उशिरा आली. केशोराव सरांच्या दारात पोचले तेव्हा वीज जाऊन थोडा वेळ झाला होता. गळ्याला मफलर, हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा. माणूस मोठा अगत्याचा. कंदिलाच्या उजेडात बसून त्यांनी पोहे खाल्ले आणि म्हणाले, "लाईट येईपर्यंत थांबलो असतो, पण परतीची गाडी चुकेल."

 ज्या माणसाच्या शब्दावर डबी घेतली, ज्याच्या शब्दावर खांब गाडला, तो समोर बसलेला आणि सगळं यंत्र मुकं. मी सरांचा चेहरा पाहिला आणि मला त्यांची दया आली. बरोबर थोडं हसूही आलं.

मुन्नीबाई अंगणात गेल्या. भिंतीपाशी त्यांचं आणि लीलाबाईंचं काहीतरी बोलणं झालं. मग लीलाबाईंचा मुलगा संघदीप दिसला. तो कोहमाऱ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला होता, नुकताच घरी आला होता. त्यानं लांब वायरीचा बोर्ड भिंतीवरून इकडे सोडला. मुन्नीबाईंनी तो खिडकीतून बैठकीत घेतला. "लावा," त्या सरांना म्हणाल्या.

सरांनी बोर्डाकडे पाहिलं. केशोरावांकडे पाहिलं. मग खाली बसून एकेक करून सगळ्या पिना लावल्या. निळा दिवा लागला.

पाहुणा कोण आला म्हणून लीलाबाईही आल्या. मुन्नीबाईंनी त्यांना दाराजवळ खुर्ची दिली. केशोरावांनी नमस्कार केला, त्यांनी हात जोडून जयभीम केला, आणि सनई सुरू झाली.

केशोराव डोळे मिटून बसले. सरांनी सवयीनं बंद करायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी न पाहताच तो अडवला. त्या दिवशी पहिल्यांदा सनई पुढे गेली. ऐकायला फार छान होती. पूर्ण झाल्यावर केशोराव म्हणाले, "रहांगडाले, काय स्वच्छ लाईन आहे हो तुमची. सूर थांबला की मागे काहीही नाही. नागपुरात माझ्याकडे असं नाही."

"थोडी घरघर आहे," सर म्हणाले.

"कुठे?"

"मागे. अगदी बारीक."

केशोराव उठले, स्पीकरला कान लावून उभे राहिले. मग दुसऱ्या स्पीकरला लावला. "नाही बुवा."

"मलेबी नाई ऐकू येत," लीलाबाई म्हणाल्या.

"त्याला कान तयार लागतो," सर म्हणाले. आणि खरं सांगतो, ते नाटक करत नव्हते. कपाळावर आठी होती, मान एका बाजूला कललेली होती. त्यांना ती घरघर ऐकू येत होती.

"काही म्हणा," केशोराव म्हणाले, "ही स्वतंत्र लाईन घेतल्याची करामत आहे."

"कोनती लाईन?" लीलाबाईंनी विचारलं. "हे तं आमच्या सैपाकखोलीतलं हाय जी. मिक्सरची पिन काढून लावलं. चटनी अर्धी राह्यली आहे."

केशोरावांनी बोर्डापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून भिंतीपर्यंत गेलेली वायर नजरेनं पाहिली. मग सरांकडे पाहिलं. ते शहाणे होते. त्यांनी आणखी अर्धा कप चहा मागितला आणि धानाच्या भावाबद्दल बोलायला लागले.

पण नागपूरला गेल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी चौकात लिहिलं की आजवर ऐकलेली सगळ्यात स्वच्छ वीज गोंदिया जिल्ह्यात एका नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात मिळाली. सरांचं नाव त्यांनी लिहिलं नाही. त्यावर तिथे महिनोन् महिने चर्चा चालली. स्वयंपाकघरातली वीज इतर खोल्यांपेक्षा चांगली का असावी, याची एका बंगळुरूच्या इंजिनियरनं कारणंही दिली.

काही दिवसांनी सरांनी मला बाजूला घेतलं. "तुमचं लीलाबाईंशी बोलणं आहे," ते म्हणाले. "संध्याकाळपुरता तो बोर्ड मिळाला तर बरं होईल. तात्पुरता. तुम्ही विचारून बघा."

मी विचारलं. लीलाबाई धान पाखडत होत्या. "त्यायलेच येऊन विचारू द्या ना," त्या म्हणाल्या. "भिंतीच्या पल्याड तं राहून राह्यले. मुन्नीसाठी तं मी घर उघडं ठेवीन. मले देयाले का होते? पन सरायनं आपल्या तोंडानं म्हनावं, बाई, तुमचा करंट चालते."

मी निरोप पोचवला. सरांनी तो नीट ऐकून घेतला. पुढच्या रविवारी गोंदियाहून इन्व्हर्टर आला.

इन्व्हर्टर साधा होता. डबीची निवड करायला ज्यांनी अख्खा पावसाळा घातला त्यांनी हा एका दुपारीत घेतला. चालू झाला की तो स्वतःच घुमायचा, आणि स्पीकरांतून तर मोटरसायकल दूरवर चालू ठेवून उभी असावी तसा आवाज येई. सनई त्याच्यातून वाट काढत यायची. पहिल्या संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. मुन्नीबाई घरी नव्हत्या, भिंतीपलीकडे होत्या. सरांनी सनई लावली, थांबवली, बोट वर केलं. खोलीभर घूं भरलं होतं. माझ्या हातातली बशी थरथरत होती.

"आता ऐका," सर म्हणाले. "आपली वीज आहे. कुणाच्या दारावरून आलेली नाही."

मी मान हलवली आणि चहा संपवला.

पुढे सर निवृत्त झाले आणि गोंदियाला फ्लॅट घेऊन राहू लागले. मागच्या वर्षी कामासाठी गेलो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. जिन्याखाली सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर एका फळीवर आणि वायरींची एकच जुडी वर गेलेली. सर कानात मोबाईलची वायर घालून बसले होते. स्पीकर दिसले नाहीत. म्हणाले, जागा नाही. मुन्नीबाईंचं विचारलं तर म्हणाले, सौंदडला गेली आहे, लीलाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, आठ दिवस तिथेच राहणार.

चहा त्यांनी स्वतःच केला. साखर जास्त झाली होती. आम्ही शाळेतल्या कोणाकोणाबद्दल बोललो आणि मग मी गाडीच्या वेळेला निघालो.